प्रवासाचे प्रयोजन

अकोल्यातल्या एका घराच्या मागच्या अंगणात, टिनाच्या शेडखाली, १९६७ सालची एक फियाट उभी होती. ‘अकराशे डिलाइट’ या नावाने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, सुकाणूच्या दांड्यालाच गिअर असलेली, राखाडी रंगाची. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी तिची विल्हेवाट लावण्यासाठी तेथे जमलो. घरातल्या आईंचे म्हणणे साधे होते : पावसाळ्याआधी शेड मोकळी करा, मागच्या साली सीटखाली साप निघाला होता.

‘आम्ही दोघी’ म्हणजे मराठीच्या दोन प्राध्यापिका. एक अकोल्याची, एक अमरावतीची. एम. ए.च्या वर्गात एका बाकावर बसलो तेव्हापासून आम्ही बहुतेक गोष्टी मिळून वाचल्या आणि बहुतेक गोष्टींवर भांडलो. हा लेखही मिळूनच लिहिला आहे. गाडी आमच्यातल्या अकोल्याच्या वडिलांची, ज्यांना आम्ही दोघीही अण्णा म्हणत असू. त्यांच्या पत्नी एकीची जन्माने आई आहेत, दुसरीची सवयीने.

अण्णा कृषी विद्यापीठात नोकरीला होते. १९८१ साली एका डॉक्टरांकडून त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली आणि त्याच दिवशी एक वही घातली. सरकारी जीपच्या लॉगबुकात जे रकाने असतात, तेच त्यांनी पट्टीने आखले : दिनांक, कोठून, कोठे, किलोमीटर, पेट्रोल आणि शेवटी ‘प्रवासाचे प्रयोजन’. अशा अकरा वह्या आम्हांला डिकीतल्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या. भंगारवाल्याला निरोप गेलेला होता. तो येईपर्यंत वेळ होता. आम्ही वाचत बसलो.

वाचनाचा धंदा असलेल्या माणसांच्या हाती अशा वह्या पडू नयेत. ‘प्रयोजन’ हा शब्द आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. मम्मटाने काव्याची सहा प्रयोजने सांगितली. ती यश आणि धन यांपासून सुरू होतात, व्यवहारज्ञान आणि अनिष्टनिवारण यांवरून जातात, आणि सद्यःपरनिर्वृती व कान्तासंमित उपदेश यांवर संपतात, हे आमच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते तरी पाठ असते. अण्णांच्या रकान्यात मात्र ‘दळण’ होते, ‘सरकी’ होती, ‘शेजारच्या सूनबाईंना दवाखाना’ होता, ‘पाहुणे घेणे, रेल्वे टेसन’ होते. एके ठिकाणी ‘मयत, मूर्तिजापूर’ आणि त्याच्या खालच्याच ओळीत ‘साखरपुडा, मूर्तिजापूर’. चाळीस वर्षांत एकाही नोंदीचे प्रयोजन रिकामे नव्हते. एक सोडून.

त्या एका नोंदीत तारीख होती, जुलै महिन्यातली. ‘अकोला–दर्यापूर–अमरावती’ असा मार्ग होता, १०४ किलोमीटर होते, पेट्रोलही लिहिलेले होते. शेवटचा रकाना कोरा होता. तो प्रवास आम्हां दोघींनाही चांगला आठवत होता, कारण आम्ही दोघीही त्या गाडीत होतो. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

भंगारवाला येण्याआधी एक फोन आला. जुन्या मोटारी घेणारे पुण्याचे एक गृहस्थ होते. कोणीतरी त्यांना आमच्या गाडीविषयी सांगितले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो इंजिनाविषयी. पुस्तिकेत पाहून आम्ही आकडे वाचून दाखवले : चार सिलिंडर, व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५, एकूण १,०८९ घन सेंटिमीटर. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, हे घराणे कोणते आहे, ठाऊक आहे ना?’’

आम्हांला ठाऊक नव्हते. त्या रात्री आम्ही ते शोधून काढले. मूळ पाठाचा शोध घेताना जी शिस्त पाळावी असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, ती शक्य तितकी पाळली. जे हाती लागले ते असे.

हे इंजिन इटलीत १९३७ साली फियाटच्या एका मध्यमवर्गीय मोटारीसाठी बनले. त्या मोटारीमागे दांते जियाकोसा या अभियंत्याचे डोके होते. व्यास ६८, धाव ७५. साधे, हलके, स्वस्त, आणि वाटेल ते सोसणारे. शर्यतीसाठी ते कोणी बनवले नव्हते. पण ज्यांना शर्यतीत उतरायचे होते आणि खिशात फार पैसे नव्हते, त्यांनी ते उचलले. १९४० साली एंझो फेरारी यांनी स्वतःची म्हणून जी पहिली मोटार उभी केली, तिचे आठ सिलिंडरांचे इंजिन याच अकराशेचे भाग घेऊन जुळवलेले होते. फेरारी हे नावही तेव्हा त्यांना गाडीवर लावता येत नव्हते; जुन्या कराराने हात बांधलेले होते. अशा दोन गाड्या ब्रेशियाच्या शर्यतीत उतरल्या. दोन्ही अर्ध्यात बंद पडल्या.

युद्ध संपल्यावर पिएरो दुसिओ या तुरिनच्या उद्योजकाने ‘चिसितालिया’ नावाच्या छोट्या स्पोर्ट्स मोटारी काढल्या. इंजिन तेच, अकराशेचे. त्यांतल्या २०२ या बंद गाडीचा बांधा इतका देखणा होता की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती १९५१ च्या प्रदर्शनात मांडली आणि १९७२ साली आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. तिची उघडी बहीण १९४७ च्या ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीत धावली. ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया, सुमारे १,८०० किलोमीटर, साध्या रस्त्यांवरून, गावांच्या मधून. चालवत होता ताझिओ नुवोलारी. वय ५४, प्रकृती ढासळलेली, दोन्ही मुलगे गमावलेला. समोर जवळजवळ तीन लिटरच्या इंजिनाची, छप्पर असलेली अल्फा रोमिओ होती, आणि तरीही तो आघाडीवर होता. अखेरच्या टप्प्यात पाऊस आला. उघड्या गाडीत पाणी शिरले, ठिणगी विझली, इंजिन पुन्हा चालू होईपर्यंत वेळ गेला. तो दुसरा आला. पहिल्या आलेल्या बियोंदेत्तीचे नाव आज अभ्यासकांना आठवते. दुसर्‍या आलेल्याची कथा लोकांना आठवते. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, पहिला क्रमांक फेरारीचा लागला, पण दुसरा, तिसरा आणि चौथा अशा तिन्ही क्रमांकांवर फियाटच्या ‘अकराशे एस’ होत्या. दुसर्‍या आलेल्या गाडीत कोमिरातो हे पतिपत्नी होते.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९५७ साली ग्विदित्सोलो गावाजवळ एक भरधाव फेरारी रस्त्याकडेच्या प्रेक्षकांत घुसली. चालक, त्याचा साथीदार आणि नऊ प्रेक्षक ठार झाले, त्यांत पाच मुले होती. मिल्ले मिल्या त्यानंतर शर्यत म्हणून कायमची थांबली. अकराशे मात्र थांबली नाही, कारण ती मुळात शर्यतीची नव्हतीच. १९५४ पासून ती कुर्ल्यात बनू लागली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कारखान्यात ती तयार होई, आणि तिच्या पुढे आलेल्या नाकाडामुळे मराठी माणसाने तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ पासून डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तिच्या टोपणाखालीही व्यास ६८ आणि धाव ७५ हेच होते.

येथे अभ्यासकाने एक अट घालायला हवी. अण्णांच्या गाडीचे इंजिन हे नुवोलारीच्या इंजिनाचे नातेवाईक. ते इंजिन नव्हे. त्याची शक्ती खास वाढवलेली होती, आमची चाळीसएक अश्वशक्तीवर समाधानी. मोल्सवर्थचा कोश ज्या भाषेत आहे त्याच भाषेत आमच्या महाविद्यालयाच्या सूचना लागतात म्हणून त्या सूचना मोल्सवर्थ होत नाहीत.

ही अट आम्ही त्या रात्री स्वतःला घातली खरी. पण दुसर्‍या दिवशी सकाळी भंगारवाला आला तेव्हा आम्ही त्याला परत पाठवले, आणि तेही जरा तोर्‍यात. आदल्या दिवशी जी गाडी वीस हजारांना द्यायला आम्ही तयार होतो, तिच्याकडे आज त्याने नुसते बोट लावले तर आम्हांला आवडले नाही. वर्गात आम्ही सांगतो : कलाकृतीची किंमत तिच्या कुळावरून ठरवू नका, लेखकाचे आडनाव झाकून कविता वाचा. आणि येथे एका परक्या देशातल्या, परक्या माणसाच्या, दुसर्‍या क्रमांकाने आमच्या अंगणातल्या पत्र्याची किंमत एका रात्रीत वाढवली होती. अण्णांनी चाळीस वर्षे ती गाडी चालवली, आपल्या हाताने धुतली, यामुळे ती वाढली नव्हती. हे लक्षात आले तेव्हा आम्हांला आमचीच लाज वाटली.

पुण्याच्या गृहस्थांनी पुढचा मार्गही सांगितला. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने स्वतंत्र नोंदणी सुरू केली आहे. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि नंबरपट्टीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शनासाठी, तांत्रिक संशोधनासाठी, जुन्या मोटारींच्या फेरीसाठी, इंधन भरायला आणि दुरुस्तीला. रोजच्या वापराला नाही. म्हणजे कायद्याने मान मिळाला की दळण बंद, दवाखाना बंद, ‘पाहुणे घेणे, रेल्वे टेसन’ बंद.

त्या गृहस्थांनी फोनवर एक शब्द वापरला होता : ‘‘तुमची गाडी क्लासिक आहे.’’ क्लासिक म्हणजे अभिजात. हा शब्द गेली काही वर्षे आम्ही दुसर्‍याच संदर्भात ऐकत होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रंगनाथ पठारे समितीच्या अहवालानंतर अकरा वर्षांनी. त्या दिवशी आमच्या दोन्ही महाविद्यालयांत पेढे वाटले गेले, आम्हीही वाटले. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. जेथे म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेच हे गाव. आणि त्याच वर्षी आमच्यातल्या एकीच्या पदवीच्या तिसर्‍या वर्षाच्या वर्गात मराठी विषय घेतलेली सात मुले होती.

यावर आमचे भांडण झाले. अमरावतीचीचे म्हणणे : अभिजात हा व्हीएचा शिक्का आहे. मान मोठा, काम बंद. अकोल्याचीचे म्हणणे : असे बोलणे सोपे आहे आणि दिखाऊ आहे. दर्जामुळे हस्तलिखितांना, कोशांना, संशोधनाला पैसा मिळू शकतो. जी गाडी जपली नाही ती ना प्रदर्शनात दिसते ना रस्त्यावर. रोज वापरा म्हणणारे सुटे भाग कोठून आणणार? हे उत्तर बिनतोड होते. अमरावतीचीने मग पटाच्या जोडीचा दाखला दिला. वर्‍हाडात शर्यत म्हटली की मोटार आठवत नाही, शंकरपट आठवतो. तळेगाव दशासरचा पट आमच्या आजोबांच्या पिढीपासून बोलण्यात आहे. २०१४ च्या बंदीनंतर तो थांबला, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त वाट मोकळी केली, १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पटाच्या बैलांना शेतकरी लोणी-अंडी चारतो, पण वखराला सहसा जुंपत नाही. त्या जोडीचा दिमाख खरा, पण शेत पिकते ते दुसर्‍या जोडीवर. ‘‘आणि घरात एकच जोडी असेल तर?’’ अकोल्याचीने विचारले. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

एवढे मात्र दोघींनाही मान्य झाले. ‘लीळाचरित्रा’च्या ज्या मराठीवर आपला अभिजाततेचा दावा उभा आहे, ती त्या काळी मिरवायची भाषा नव्हतीच. ती वाटेवर, भिक्षेच्या वेळी, जेवताना बोललेली भाषा होती. मिरवायला संस्कृत होती. सामान्य बायाबापड्यांना कळावे म्हणून महानुभावांनी हट्टाने मराठी धरली. अकराशेचे इंजिनही मिरवायला बनले नव्हते. नुवोलारीच्या हाती ते लागले ते सर्वांना परवडणारे होते म्हणून.

आता ती कोरी नोंद.

वीसेक वर्षांपूर्वीचा जुलै. आमच्यातल्या अकोल्याचीला अमरावतीच्या एका महाविद्यालयात अधिव्याख्याता पदाची मुलाखत होती, सकाळी अकराला. अमरावतीची आदल्या दिवशी अकोल्याला मुक्कामी आली होती. सोबत जायचे ठरले होते. सकाळी एसटी स्टँडवर कळले की मूर्तिजापूरला शेतकर्‍यांचा रास्ता रोको आहे, एकही गाडी सुटत नाही. आम्ही रडवेल्या घरी परतलो. अण्णा काही बोलले नाहीत. शेडमधून गाडी काढली. ताशी चाळीसच्या पुढे कधी न गेलेला माणूस. म्हैसांगच्या बाजूने पूर्णा ओलांडून, खारपाणपट्ट्यातून दर्यापूर, तेथून वलगाव. पाऊस असा की काळ्या मातीचे रस्ते आणि शेते एक झालेली. पुलाअलीकडे अण्णांनी गाडी थांबवली, टोपण उघडले आणि खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी डिस्ट्रिब्युटरवर घट्ट बांधली. ‘‘ठिणगीले पाणी लागू द्याचं नाई,’’ एवढेच म्हणाले. मग त्यांनी गाडी सोडली. काटा पंच्याहत्तरवर गेलेला आम्ही मागून पाहिला. दोन बैलगाड्या, एक ट्रॅक्टर, एक ट्रक मागे पडला. खड्डा चुकवताना अण्णा अंगाने झुकत, गिअर बदलताना हात असा जाई की तो हात आम्ही कधी पाहिलाच नव्हता. अकराला दहा कमी असताना आम्ही महाविद्यालयाच्या फाटकात होतो.

नोकरी मिळाली नाही. पुढची नऊ वर्षे अकोल्याची तासिका तत्त्वावर शिकवत राहिली.

म्हणून त्या कोर्‍या रकान्याचा अर्थ आम्हांला वह्या वाचतानाच उघड वाटला. अमरावतीची म्हणाली, निकाल लागल्यावर ‘मुलीची नोकरी’ असे लिहायचे होते. निकाल तसा लागला नाही, जागा तशीच राहिली. अकोल्याची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, भिजून आले होते, विसरले असतील. तिला पहिला अर्थ सोसत नव्हता हे आम्हां दोघींनाही कळत होते. शेवटच्या वहीतली शेवटची नोंद जानेवारी २०२१ ची होती. फेब्रुवारीत अमरावती आणि अकोल्यात करोना पुन्हा उसळला, टाळेबंदी लागली, आणि अण्णा गेले ते रुग्णवाहिकेतून. गाडी शेडमध्येच होती. तिची बॅटरी उतरली होती आणि बसवणारा हात तापाने फणफणत होता. चाळीस वर्षे दुसर्‍यांच्या सूनबाईंना दवाखान्यात नेणारी गाडी त्यांच्या कामी आली नाही, हे शल्य त्या कोर्‍या रकान्यात कोठेतरी जाऊन मिळत होते.

आई तोवर गहू निवडत ऐकत होत्या. त्यांनी ताटातून डोके वर केले नाही. ‘‘कामाची फेरी असली का ते लिहीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ती फेरी त्यांनी कामाची धरलीच नाई. रात्री मले म्हणे, आज गाडी पयवली. पोरीच्या जीवाले घोर होता अन् मले मजा येत होती, हे लिहू कसं?’’

आम्ही वही पुन्हा उघडली. रकाना तसाच होता. सद्यःपरनिर्वृती : तत्क्षणी मिळणारा परम आनंद, मम्मटाच्या मते सर्व प्रयोजनांचा मुकुटमणी. तो शब्द वर्षानुवर्षे शिकवूनही तो असा कोरा लिहिला जातो हे आमच्या ध्यानात आले नव्हते. या गाडीला शर्यतीचा इतिहास आहे काय, असे पुण्याच्या गृहस्थांनी विचारले होते. आहे. एका दिवसाचा, १०४ किलोमीटरचा, पावसातला.

गाडी आम्ही विकली नाही. व्हीएची अक्षरेही घेतली नाहीत. नेहमीची, पाच वर्षांची पुनर्नोंदणी करायचे ठरले, आणि त्यासाठी कार्यालयाच्या ज्या खेपा घालाव्या लागल्या त्यांचे प्रयोजन आम्ही वहीत प्रामाणिकपणे लिहिले आहे. हा निर्णय बरोबर आहे असा आमचा दावा नाही. सुटे भाग मिळणे दुर्मीळ झाले आहे आणि धूर तर आहेच; पाच वर्षांनी अकोल्याचीचे म्हणणे खरे ठरेल आणि गाडीला प्रदर्शनाचाच आसरा घ्यावा लागेल, हे शक्य आहे. म्हातार्‍या मिस्त्रींनी इंजिन उघडून पाहिले तेव्हा म्हणाले, ‘‘बाई, मेलं नाई हे. निजलं हाये.’’ दिवाळी उलटून गेल्यावर ते जागे झाले.

पहिली फेरी आईंना घेऊन भाजीबाजारात गेली. बाराव्या वहीची पहिली नोंद अमरावतीचीच्या अक्षरात आहे : ‘घर ते बाजार, ३ कि.मी., प्रयोजन : मेथी, वांगी, तुरीच्या ओल्या शेंगा.’ परतताना आई मागच्या सीटवरून म्हणाल्या, ‘‘हायवेवरून घे जरा.’’ हा तोच अमरावती–अकोला महामार्ग, ज्याच्या लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर घालून गिनीज बुकात नोंद झाली. अण्णांना तो बघायला मिळाला नाही. आम्ही बोरगाव मंजूपर्यंत गेलो आणि परत आलो. काटा साठच्या पुढे गेला तेव्हा पिशवीतल्या शेंगा सीटखाली सांडल्या, आणि आई हसत होत्या.

त्या फेरीचे किलोमीटर वहीत आहेत, पेट्रोलही आहे. शेवटचा रकाना आम्ही भरलेला नाही.